चहात दूध कधी घालायचं?

चहावरून घराघरात वाद असतात, साखर किती, वेलची की सुंठ वगैरे, पण ते ज्याचं त्याने बघावं. माझ्या मते खरा वाद एकच, दूध कधी घालायचं.

दोन कपांसाठी दीड कप पाण्याचं आधण ठेवा, साखर आत्ताच घाला आणि बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून टाका. हे आलं पाण्यातच २-३ मिनिटं खळखळ उकळू द्या, इथे घाई नको. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, ते दुधात पडलं की दूध फाटतं आणि बोल मात्र दूधवाल्याला बसतो. नीट उकळलं की ते एन्झाइम निकामी होतं, म्हणून माझं मत पक्कं आहे की दूध नंतरच. गवती चहा असेल तर त्याची पात पण याच पाण्यात.

आता पावडर, दोन चमचे. "चहा उकळायचा नसतो" म्हणणारे आणि "उकळल्याशिवाय चहा कसला" म्हणणारे दोघंही बरोबर असतात हो, त्यांची पावडर वेगळी असते. आपली रोजची दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी (क्रश-टेअर-कर्ल, म्हणजे पानं चिरडून, फाडून, वळून दाणे करायचे), ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली, दाणा पटकन रंग सोडतो आणि दुधाला पुरून उरतो, ती १-२ मिनिटं उकळाच नाहीतर फुळकवणी होतो. दार्जिलिंगचा पानाचा चहा मात्र उकळला की कडू होतो, त्यावर गरम पाणी ओतून ३ मिनिटं झाकून ठेवायचं, बस.

मग पाऊण कप दूध, तेही गरम करून, फ्रीजमधलं थंडगार ओतलं की उकळी बसते आणि चहा नुसताच रटरटत राहतो. एकदा वर आला की गॅस बारीक करा, परत एकदा वर येऊ द्या आणि बंद.

पुण्यातले अमृततुल्यवाले दूधपाणी एकत्रच उकळतात आणि त्यांचा चहा फर्मास असतो यात वादच नाही, पण तिथे मोठं पातेलं असतं आणि चहा सारखा ढवळत असतात, घरी दोन कपांना तसं केलं तर निम्मा आटतो आणि वर साय येते.

वेलची गॅस बंद केल्यावर, कुटून, आणि मिनिटभर झाकण, आधी टाकली तर वास सगळा वाफेबरोबर जातो. उरलेला चहा परत गरम करून कुणाला देऊ नका प्लीज, कडवट लागतो, त्यापेक्षा एक कपाचं आधण नव्याने ठेवा.