उरार्तूचे शिलालेख शिकायचेत? मेनुआच्या पाटापासून सुरुवात करा

उरार्तू या प्राचीन राज्याचे शिलालेख वाचायला शिकायचं ठरवलं तेव्हा मी थेट व्हानच्या कड्यावर कोरलेल्या अर्गिश्ती राजाच्या इतिवृत्ताला हात घातला. मोहिमांमागून मोहिमा, न संपणारा मजकूर. तीन महिन्यांत दोन वह्या भरल्या, पण एक वाक्य स्वतःहून उलगडेना. म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: अर्गिश्ती राहू द्या, आधी त्याच्या बापाचा, मेनुआचा पाट वाचा.

आजच्या पूर्व तुर्कस्तानातल्या व्हान सरोवराकाठी तुश्पा ही उरार्तूची राजधानी होती. मेनुआने तिच्या परिसरात पन्नासेक किलोमीटरवरून पाणी आणलं आणि पाटाच्या वाटेवर ठिकठिकाणी जवळपास एकच मजकूर कोरवला: ‘खाल्दिनिनी उश्माशिनी मेनुआशे इश्पुइनिखिनिशे इनि पिली अगुनी’. म्हणजे, खाल्दी देवाच्या सामर्थ्याने इश्पुइनीपुत्र मेनुआने हा पाट काढला. पुढे ‘मेनुआइ पिली तिनि’, मेनुआचा पाट हे याचं नाव. एवढ्या दोन वाक्यांत या भाषेचं निम्मं व्याकरण हाती लागतं.

इथे मराठी माणसाचं काम सोपं होतं. ‘मेनुआशे’मधला ‘शे’ म्हणजे आपला ‘ने’. हा प्रत्यय समजावायला परदेशी पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. आपण ‘मेनुआने पाट काढला’ म्हणतो आणि पुढे जातो. फक्त गाफील राहू नका. आपण ‘मीने’ म्हणत नाही, उरार्तियनमध्ये मात्र ‘मी’सुद्धा ‘इएशे’ होतो. शिवाय ‘शे’ बापाच्या नावाच्या शब्दालाही पुन्हा लागतो, ‘इश्पुइनिखिनिशे’. यातला ‘खि’ म्हणजे ‘चा मुलगा’. मी कितीतरी दिवस इथे दोन कर्ते मोजत होते.

लिपी असिरियन लोकांकडून घेतलेली कीलाकार, म्हणजे पाचरीसारख्या खुणांची, त्यामुळे आधी वर्षभर त्यांची भाषा, अक्कादियन शिका. हा वळसा वाटेल, पण टाळू नका. केलिशिन खिंडीतला इश्पुइनी आणि मेनुआचा लेख दोन्ही भाषांत आहे; अनेक शब्दांचे अर्थ तिथूनच पक्के झाले. काही चिन्हं तर सुमेरियन काळापासूनची. आपण ‘५’ लिहून पाच म्हणतो, गुजराती माणूस पांच म्हणतो, तसं राजाचं चिन्ह तेच राहतं आणि उरार्तियन वाचक ते ‘एरेली’ असं वाचतो.

अक्षरवळणाचीही सवय करावी लागते. मातीच्या विटेवर दोन खुणा एकमेकींना सहज छेदतात, दगडात तसं कोरलं तर कपचा उडतो. म्हणून उरार्तूचे पाथरवट छेद टाळून आडवी खूण दोन तुकड्यांत कोरत. मला ही युक्ती फार आवडते. छिन्नी धरलेला हात तिथे दिसतो. पण विटांवर शिकलेला डोळा यानेच फसतो. एकाच फोटोवर विसंबू नका, तिरप्या उजेडातला दुसरा शोधा.

लेखांच्या शेवटी बहुधा शापवचन असतं: जो हा लेख नष्ट करील, त्याचा देव नाश करोत. आपल्याकडच्या गधेगळांची आठवण यावी असंच. स्तानिस्लास ग्यार या फ्रेंच अभ्यासकाने १८८० साली हे साचेबंद शापवचन असिरियन शापांशी ताडून ओळखलं आणि वाचनाची वाट मोकळी झाली. तुम्हीही शेवटाकडून वाचून पाहा.

नोकऱ्या मोजक्याच आहेत, हे घरी आधीच सांगून ठेवा. जर्मन आणि रशियन वाचता यायलाच हवं, इटालियनही. मिर्यो साल्विनी यांचा लेखसंग्रह त्याच भाषेत आहे. म्युनिकचा ऑनलाइन संग्रह मोफत पाहता येतो.

हे सगळं झाल्यावर मी आर्मेनियातल्या यरेवानच्या एरेबुनी किल्ल्याच्या लेखाकडे वळले. इ.स.पू. ७८२चा, आरिन बेर्द टेकडीवर १९५० साली सापडलेला. ‘खाल्दिनिनी उश्माशिनी अर्गिश्तिशे…’ इथवर कोश उघडावाच लागला नाही. पुढचा शब्द होता ‘मेनुआखिनिशे’. पाट काढणारा मेनुआ इथे बाप म्हणून भेटला होता.