होडीतून ल्यूर टाकायचा रॉड घेताय? या चुका टाळा

दुकानात कास्टिंग रॉड (ज्याचं रील वरच्या बाजूला बसतं) हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती किलोचा मासा पेलेल?" दुकानदारही ठोकून देतो, "वीस किलो आरामात." खरेदी इथेच फसते. माशाचा जोर रॉडवर किती येऊ द्यायचा हे रीलचा ड्रॅग (ओढ वाढली की लाइन सोडणारी यंत्रणा) ठरवतो. ल्यूर (नकली आमिष) मात्र सकाळपासून पुन्हा पुन्हा त्याच रॉडने फेकायचा असतो. म्हणून विचारायचं ते एवढंच: मी किती ग्रॅमचा ल्यूर टाकणार?

उत्तर रॉडवरच असतं, मुठीच्या जरा वर, बारीक अक्षरात. १० ते ४० ग्रॅम लिहिलेला रॉड २० ते ३० ग्रॅमला सर्वात छान चालतो. दोन्ही टोकांना तो फक्त निभावून नेतो. कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी जिताड्यामागे (गोव्यात चोणक) फिरणाऱ्यांचे बहुतेक मिनो (छोट्या माशासारखे कडक ल्यूर) आणि रबरी मासे याच वजनात बसतात. खडपाजवळ तांबोशीसाठी जरा जड, तर बाहेर सुरमईला जिग (धातूचा जड ल्यूर) टाकायचा असेल तर ४०-६० ग्रॅमचा रॉड वेगळाच. एका रॉडमध्ये हे सगळं बसवायला गेलात की कुठलंच धड होत नाही. आकडा औंसात असेल तर एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. आणि रबरी मासा लावताना फक्त जिगहेडचं (वजन जोडलेल्या गरीचं) वजन धरू नका. १४ ग्रॅमच्या जिगहेडवर मोठं रबर चढवलं की ते सहज २५ च्या घरात जातं.

गुंता रीलचा, दोष रॉडचा

कास्टिंग रील रॉडच्या वर बसतं आणि फेकताना त्याचा स्पूल (लाइन गुंडाळलेली फिरकी) स्वतः फिरतो. रॉड ल्यूरच्या मानाने ताठ असेल तर मागे नेताना तो वाकतच नाही, मग माणूस मनगटाने झटका देतो. स्पूल सुसाट सुटतो, ल्यूर मात्र मागे रेंगाळतो आणि लाइनीच्या गुंत्याचं घरटं तयार. मग ब्रेक आवळले जातात, अंतर घटतं, शेवटी नवं रील घेतलं जातं आणि त्यावरही तोच गुंता. आधी त्याच रॉडवर दहा ग्रॅम जड ल्यूर लावून बघा. गुंता थांबला तर रील निर्दोष आहे. दुपारी वायव्येचा वारा भरला की अर्थात चांगल्या रॉडचीही परीक्षा होते. तेव्हा होडीच्या वाऱ्याखालच्या बाजूने टाकावं, तांडेलाशी (होडी चालवणाऱ्याशी) वाद घालू नये.

किनाऱ्यावरचा लांब रॉड होडीत

खडकावरून गरवणाऱ्यांकडे नऊ-दहा फुटी रॉड असतो आणि तोच होडीत येतो. लांब रॉड किनाऱ्यावर लागतो, कारण तिथे लाटेपलीकडे पोचायचं असतं. होडी तर माशाजवळच नेता येते. लहान होडीत मागे तांडेल, बाजूला मित्र, डोक्यावर ताडपत्री. इथे साडेसहा ते सात फूट भरपूर झाले. लांब रॉडने मासा होडीलगत आणला की टोक दूर राहतं, लीडर (ल्यूरजवळचा जाड दोरा) हाताला लागत नाही. मुठीची लांबीही बघा: रील धरून हात पुढे केला की शेवटचं टोक कोपराच्या जरा मागे यावं. त्याहून लांब असेल तर प्रत्येक वेळी लाइफ जॅकेटात अडकणार.

पॉवर आणि अ‍ॅक्शन एकच समजणं

रॉड वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर. तो कुठून वाकतो ती अ‍ॅक्शन. मीडियम-हेवी फास्ट म्हणजे बऱ्यापैकी ताकदवान आणि शेंड्याकडून वाकणारा. एकाच जाड गरीच्या रबरी माशाला फास्ट हवा, कारण गरी जबड्यात रुतवायला लागते. तीन काट्यांच्या बारीक गऱ्या असलेल्या मिनोला जरा खालपर्यंत वाकणारा बरा. अति ताठ रॉडने त्याच गऱ्या माशाच्या तोंडातून उपटून निघतात. "लागला होता, सुटला" हे वारंवार होत असेल तर नशिबाला बोल लावण्याआधी हे तपासा. तांबोशीच्या बाबतीत मात्र मी ताकदीकडेच झुकेन. तो चावला की थेट खडपाच्या कपारीत घुसतो आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याला वळवता आलं नाही तर लीडर गेलाच.

अंदमानला मोठ्या पॉपरवर (पाण्यावर आवाज करणाऱ्या ल्यूरवर) जीटी (जायंट ट्रेव्हली मासा) मारायचं स्वप्न असेल तर हा लेख बाजूला ठेवा. शंभर ग्रॅमच्या पुढचे पॉपर दिवसभर फेकायला आठ फुटांच्या आसपासचा स्पिनिंग रॉड आणि त्याच्या खाली बसणारं मोठं स्पिनिंग रील लागतं. त्या कामाला कास्टिंग रॉड घेऊ नये.

कड्या न बघता घेणं

कास्टिंग रॉडच्या लाइन ओवायच्या कड्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे रॉड वाकला की लाइन ब्लँककडे (रॉडच्या काठीकडे) दबते. कड्या कमी असतील तर ती ब्लँकला घासते. दुकानातच रील लावा, लाइन ओवा, मित्राला टोक ओढायला सांगा आणि बाजूने बघा. ब्रेड (विणलेली लाइन) घासत असेल तर तो रॉड ठेवून द्या, किंमत कितीही गोड असो. गोड्या पाण्याच्या स्वस्त रॉडच्या कड्यांची चौकट खाऱ्या हवेत लवकर गंजते. आतल्या रिंगवर कानकोरणीचा कापूस फिरवा. धागा अडकला तर तिथे चीर आहे आणि तीच ब्रेड कापते. नवी लाइन "उगाच" तुटते तेव्हा अनेकदा कारण इथे सापडतं.

रॉड मोडतो तो बहुधा होडीलगत

मासा पायाशी आला की हौसेने रॉड सरळ आभाळाकडे उभा धरला जातो. मग सगळा भार बारीक शेंड्यावर येतो, आणि कार्बनच्या रॉडला तसं वाकणं मानवत नाही. टोक खाली ठेवा, एक पाऊल मागे सरका, जाळी पुढे करा. माशाला रॉडने उचलून होडीत घ्यायचं नाही.

ल्यूर खडपात अडकला तर रॉडने हिसडे देऊ नका. रॉड लाइनीच्या रेषेत सरळ धरा, स्पूल दाबा आणि होडीला ओढू द्या. ब्रेड उघड्या हाताला गुंडाळली तर बोट चिरेल. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा.

ड्रॅगही मोजून लावा. ब्रेडवरचा पीई आकडा जाडीचा असतो, ताकद वेगळी लिहिलेली असते. १४ किलोच्या ब्रेडला ड्रॅग साडेतीन-चार किलोचा पुरतो, आणि तो छोट्या तराजूने तपासता येतो. मीडियम रॉडवर जाड ब्रेड भरून ड्रॅग कुलपासारखा आवळला की सर्वात कमजोर भाग रॉडच उरतो.

"काही नसताना मोडला" ही तक्रारही येते. होडी उसळताना लटकता जिग ब्लँकवर आपटत राहतो, बारीक टवका पडतो आणि काही महिन्यांनी रॉड नेमका तिथेच जातो. ल्यूर हुककीपरमध्ये (त्यासाठीच रॉडवर असलेल्या छोट्या आकडीत) अडकवा, कडीच्या रिंगमध्ये नाही.

लोकलने किंवा एसटीने जाणाऱ्याला दोन तुकड्यांचा रॉड घ्यावाच लागतो, त्यात कमीपणा नाही. फक्त सांधा दर थोड्या वेळाने दाबून बघा. सैल सांध्यातून वरचा भाग ल्यूरबरोबर उडून जातो, किंवा तिथेच चिरतो. सांध्याला मेणबत्ती हलकी घासली की पकड टिकते. आणि ऑक्टोबरात दुपारी गडगडायला लागलं की कार्बनचा रॉड आडवा ठेवून बंदराकडे वळा, कारण कार्बन वीज वाहून नेतो.