घरपट्टीची आकारणी करताना या चुका टाळा

फेरआकारणी झाली की ग्रामपंचायतीत पहिली ओरड होते ती दर वाढवल्याची. नमुना ८, म्हणजे कर आकारणीचे रजिस्टर, उघडून पाहिला तर पुष्कळदा दर बरोबर असतो, मोजमाप चुकलेले असते.

डिसेंबर २०१५ च्या नियमदुरुस्तीपासून महाराष्ट्रातल्या गावांत घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. जमिनीचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला बाजारमूल्याचा) दर, अधिक बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (बांधकाम जुने होताना उतरणाऱ्या किमतीचा हिशेब). या बेरजेला वापराच्या भारांकाने, म्हणजे घर निवासी की दुकानासाठी यावरून ठरलेल्या आकड्याने, गुणायचे.

सर्वांत महागात पडते ती एककाची चूक. गावात घर फुटांत मोजतात, दर मात्र चौरस मीटरचा. ४० बाय २५ फुटांचे घर म्हणजे १,००० चौरस फूट, अर्थात ९२.९ चौरस मीटर. बांधकामाचा दर १२,००० रुपये धरला तर घसाऱ्याआधी ११ लाख १५ हजारांच्या आसपास होतात. फुटांचा आकडा तसाच टाकला की १ कोटी २० लाख! संगणक निमूटपणे तेही छापतो. बिल दहापटीने फुगले असेल तर आधी हेच तपासा. चौरस फुटांना १०.७६ ने भागायचे.

घसाऱ्याचा गोंधळ वेगळा. सूत्रात गुणायचे ते उरलेल्या किमतीच्या प्रमाणाने, वजावटीच्या नव्हे. २० टक्के घट असेल तर ०.८० ने गुणा. तोही फक्त बांधकामाला. जमीन जुनी होत नाही. बांधकामाचे वर्ष माहीत नाही म्हणून सगळ्या आळीला एकच वर्ष लावणे ही तर निव्वळ टाळाटाळ. वीजजोडणीची तारीख, जुनी कर पावती, काहीतरी सापडतेच.

कराचा दर भांडवली मूल्याच्या दर हजार रुपयांमागे पैशांत असतो, हेही विसरले जाते. भांडवली मूल्य १२ लाख आणि दर ७५ पैसे असेल तर घरपट्टी ९०० रुपये.

आकारणी यादी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते, पण बरेचदा जुनेच रजिस्टर उतरवले जाते. मग कौले जाऊन स्लॅब पडलेले घर कागदावर कौलारूच राहते, ओसरीत निघालेले दुकान निवासी म्हणून चालू राहते आणि पडलेल्या घराची पट्टी निघतच राहते. मोजफीत घेऊन दारोदार फिरण्याला पर्याय नाही.

मिळकतधारकांनी यादी लागताच क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वर्ष आणि वापर हे चार रकाने वाचावेत आणि हरकत लेखी देऊन पोच घ्यावी. तिथे दाद लागली नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येते.