कारवानी पिल्लू पहिल्यांदाच पाळताय? या चुका टाळा

आमची पहिली कारवानी कुत्री राणी. आठ महिन्यांची असताना एप्रिलमधल्या एका सकाळी माळावर ससा उठला, तिनं मान मागं ओढली आणि माझ्या हातात साखळी आणि नुसता पट्टा उरला. चाळीस मिनिटं मी हाका मारत माळ तुडवत होतो. सापडली तेव्हा बांधाच्या सावलीला आडवी पडली होती. हिरड्या लालबुंद, लाळ चिकट, पाय थरथरत होते. शेजारच्या विहिरीचं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतलं, ओल्या अंगानंच गाडीत घातली, खिडक्या उघड्या ठेवून डॉक्टरांकडे नेली. वाचली. तिनं काही वावगं केलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यासाठी ही जात सांभाळली गेली तेच केलं होतं. तयारी माझी कमी पडली होती.

लातूर-सोलापूरकडे कारवानी म्हणतात, सीमाभागात आणि कर्नाटकात मुधोळ. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर कॅरव्हान हाउंड असतं आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या कागदावर मुधोळ हाउंड, त्यामुळे नाव वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका. हे कुत्रं वासापेक्षा नजरेवर चालतं. लांबवर काही हललं की आधी पाय सुटतात. म्हणून पहिल्या वर्षात खरं शिकवायचं एकच: पळायच्या आधी मालकाकडे मागं वळून बघणं.

शिकारीला न्यायचं म्हणून घेणं

अजूनही कितीतरी जण "ससे धरतंय का?" हे पहिलं विचारतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. त्यातली शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही; पाठलाग करणं, हाकून काढणं, तसा प्रयत्न करणं हेही तिच्यात येतं. ससा, घोरपड, चिंकारा, काळवीट, कुणाच्याही मागं कुत्रं सोडायचं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या माळढोक पक्ष्याच्या माळरानावर जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचं मोकाट कुत्र्यांमुळे काय होत असेल, याचा विचार कुत्र्यावर जीव असणाऱ्या माणसानं करायलाच हवा. धावण्याची हौस भागवायला दुसरी वाट आहे, ती पुढं सांगतो.

महिन्याचं पिल्लू उचलून आणणं

"लहान असतानाच आणलं की लळा लागतो," असं सांगून पंचवीस-तीस दिवसांची पिल्लं दिली जातात. आठ आठवडे तरी आईजवळ राहू द्या. दात किती जोरात लावायचे हे ते भावंडांत लोळताना शिकतं. घरी आल्यावर मात्र पुढचे दीड-दोन महिने सोन्याचे. शेळ्या, कोंबड्या, ट्रॅक्टर, लहान पोरं, डोक्यावर भारा घेतलेली बाई, सगळं शांतपणे, लांबून दाखवा. ही जात परक्यानं अंगाला हात लावलेला सहसा खपवून घेत नाही, त्यामुळे "हात लावून बघा, काही करत नाही" असं पाहुण्यांना कधीच म्हणू नका. पिल्लू आपणहून जवळ गेलं तरच.

बाजारातला साधा पट्टा

याची मान डोक्याइतकी, कधी डोक्याहून जाड असते. साधा पट्टा कानांवरून सरळ निघतो. दोन इंच रुंदीचा, मऊ अस्तराचा पट्टा घ्या किंवा ओढल्यावर थोडाच आवळणारा मार्टिंगेल. दोन बोटं आत जावीत, पण पुढं ओढल्यावर पट्टा कानांवरून निघता कामा नये. फिरायला निघण्याआधी रोज ओढून बघा. हाकेच्या सरावाची लांब दोरी मात्र पट्ट्याला बांधायची नाही. कुत्र्यानं वेग घेतला आणि दोरी संपली की सगळा हिसका मानेला बसतो. त्यासाठी छातीवरून जाणारा हार्नेस हवा.

नुसत्या हाका मारणं

"बोलावलं की येत नाही" ही सगळ्यांची तक्रार. या जातीला शिकवता येत नाही असं म्हणून लोक हात झटकतात, पण मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळ हाउंडना प्रशिक्षण दिलं गेलं आहे. शिकतं, पण त्याच्या पद्धतीनं.

सुरुवात घरात करा. नाव एकदाच घ्या. त्यानं मान वळवून तुमच्याकडे बघितलं की त्याच क्षणी "शाब्बास" आणि उकडलेल्या अंड्याचा किंवा कलेजीचा नखाएवढा तुकडा. जवळ येण्याची वाट बघू नका, वळलेल्या मानेचंच बक्षीस. आठवडाभर घरात, मग अंगणात, मग तीस फुटी दोरी लावून शेतात. तिथं जमलं की शेळ्यांचा कळप दिसेल अशा जागी, पण शंभर पावलांवर. तिथं नाव ऐकूनही नजर शेळ्यांवरच खिळून राहिली तर ओरडू नका. वीस-तीस पावलं मागं सरका आणि पुन्हा करा. अंतर कमी केल्यानं बिघडतं, वाढवल्यानं सुधारतं. बहुतेक अडचणी इथंच सुटतात.

तीन गोष्टींनी हे सगळं वाया जातं. पळून गेलेलं कुत्रं परत आल्यावर त्याला मारणं. मार त्याला पळण्याचा वाटत नाही, परत येण्याचा वाटतो. दुसरी, फक्त घरी जायची वेळ झाली की बोलावणं. मग हाक म्हणजे खेळ संपला, असं त्याच्या डोक्यात बसतं. दहा वेळा बोलवा, तुकडा द्या, पुन्हा सोडा. तिसरी सगळ्यात वाईट: मांजर दिसलं, भटकं कुत्रं दिसलं की हौसेनं "छू" म्हणणं. पोरांनाही हे करू देऊ नका. चार महिन्यांच्या पिल्लाची गंमत वाटते, दहा महिन्यांनी तेच कुत्रं शेजाऱ्याचं करडू धरतं, आणि मग भरपाई, भांडण आणि कुत्र्याच्या गळ्यात कायमची साखळी.

धावण्यासाठी बांबूला दोरी, दोरीला चिंधी. कुंपणाच्या आत ती जमिनीवरून फिरवा. आधी "थांब", त्यानं तुमच्या तोंडाकडे बघितलं की "घे". पिल्लाला पाच मिनिटं पुष्कळ झाली. मोटरसायकलमागं पळवणं दीड वर्षापर्यंत नाही; हाडं वाढत असतात, सांधे कायमचे बिघडू शकतात. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर उन्हात बाहेर काढायचंच नाही.

बरगड्या दिसतात म्हणून खाऊ घालणं

शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ही या जातीची ठेवणच आहे. कंबरेची हाडं टोचायला लागली तर मात्र कमी पडतंय. नुसत्या दूध-भाकरीच्या काल्यावर पिल्लू पोसत नाही. अंडी, मांस हवंच. कॅल्शियमचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. छाती खोल असल्यानं पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. जेवल्यावर दोन तास धावणं बंद. पोट फुगलं आणि ओकारी येऊनही काही बाहेर पडत नसेल तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

डॉक्टरांना जात न सांगणं

अंगावर चरबी नावाला असते, आणि कारवानीसारख्या ग्रेहाउंड कुळातल्या (नजरेवर पळणाऱ्या) कुत्र्यांना भुलीच्या काही औषधांतून बाहेर यायला फार वेळ लागतो. नसबंदी असो की टाके, भूल देण्याआधी जात सांगा. लसी दीड-दोन महिन्यांपासून सुरू करून चार महिन्यांपर्यंत पुऱ्या करायच्या, रेबीजची तीन महिन्यांनंतर, पुढं दरवर्षी.

गोचिडांकडे फार बारीक लक्ष द्या. खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर गोचीडतापाची शंका घेऊन त्याच दिवशी रक्त तपासा. गुरांवरचं गोचिडाचं औषध अंदाजानं पातळ करून कुत्र्याला लावू नका.

पावसाळा सरला की माळावर कुसळं आणि सराटे. फिरून आल्यावर आम्ही राणीला ओट्यावर उभी करून बोटांच्या बेचक्या, कान आणि काखा चाचपतो. रुतलेलं कुसळ आत सरकत जातं आणि आठवड्यानं तिथं पू होतो. कातडी पातळ असल्यानं बाभळीच्या काट्यानंही लांबलचक फाटते, तेव्हा टाके घालणारा डॉक्टर जवळ कुठं आहे हे पिल्लू आणायच्या आधीच बघून ठेवा.