छोट्या विमानाचे पंख मागे झुकवायचे की सरळच ठेवायचे?

आधी स्पीड बघा. स्वीपचा, म्हणजे पंख मागे झुकवण्याचा, खरा फायदा आवाजाच्या वेगाजवळ गेल्यावर, आणि आपलं फोमचं आरसी (रिमोटवर उडणारं) मॉडेल काय किंवा सेसना १७२ हे चार सीटचं छोटं विमान काय, तिथपर्यंत जातच नाही, म्हणून सेसनाचे पंख जवळजवळ सरळच आहेत. नुसतं जेटसारखं दिसावं म्हणून स्वीप देऊ नका, प्लीज!

शेपूट नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. फ्लाइंग विंगमध्ये टोकं मागे गेली की तीच शेपटीचं काम करतात, मी २० ते २५ डिग्री ठेवतो. पण हवा टोकाकडे सरकते आणि वेग कमी झाला की टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे त्याची उचल अचानक जाते. माझं पहिलं मॉडेल हातातून सुटलं, नाक वर गेलं, डावं टोक पडलं आणि सरळ गवतात. म्हणून टोकाला २-३ डिग्री वॉशआउट द्याच, म्हणजे टोकाची मागची कड किंचित वर, आणि टोक फार निमुळतं करू नका.

स्वीप बदलला की सीजी (मॉडेलचा तोल सांभाळणारा गुरुत्वमध्य) परत काढा, बिनशेपटीच्या मॉडेलमध्ये सरासरी कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागे रुंदीच्या) १५ ते २० टक्क्यांवर, पुढच्या कडेपासून मोजून. पंख लांब असेल तर आत कार्बन रॉड हवाच, कारण झुकलेला पंख वाकताना पिळतोपण.