सहीखालचं 'शी/हर' : ऑफिसात सर्वनामं दाखवताना या चुका टाळा

वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात नोटीस बोर्ड कँटीनच्या दाराशी आहे. गेल्या वर्षी मुख्य ऑफिसातून मेल आला, की सगळ्यांनी मेलच्या सहीखाली आपापली सर्वनामं लिहावीत, म्हणजे आपल्याला 'तो' म्हणायचं की 'ती' हे समोरच्याला कळावं. मी एचआर बघते, त्यामुळे त्या मेलचं मराठी करून बोर्डावर लावायचं काम माझ्याकडे आलं. घाई होती. 'उदा. शी/हर, ही/हिम, दे/देम' असं टाइप केलं आणि कागद टाचला. दुपारी चहाला गेले तर बोर्डापुढे घोळका. टूलरूमचे एक मामा बोट ठेवून एकेक शब्द वाचत होते. मला बघून म्हणाले, "ताई, ह्यो कागद तुम्हीच लावला ना? हे 'शी' काय हाय? ही म्हंजे कोन? आन् 'दे' म्हंजे काय द्यायचं?"

मामांचं काय चुकलं? मराठी माणूस 'शी' हा शब्द पाळण्यात असल्यापासून ऐकतो, आणि तो कुणाच्या नावापुढे लावायचा नसतो. 'ही' म्हटलं की बाई डोळ्यापुढे येते, आणि मी ते पुरुषांसाठी लिहिलं होतं. कागद संध्याकाळच्या आत काढला. पुढे वर्षभरात या एका ओळीपायी मी आणखी चुका केल्या, काही दुसऱ्यांच्या पाहिल्या.

इंग्रजी ओळ जशीच्या तशी उचलणं

इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसतं. बाई आली काय, बाप्या आला काय, क्रियापद तेच. लिंग दिसतं ते सर्वनामात, म्हणून तिकडे सर्वनामांची ओळ लिहायची पद्धत पडली. मराठीत सर्वनाम नुसतं टोक आहे, खरी गंमत क्रियापदात. वर 'एचआर बघते' एवढं वाचलंत तेव्हाच मी बाई आहे हे तुम्हाला कळलं, माझ्या सहीखाली काही असो वा नसो. इंग्रजी बोलणारा माणूस स्वतःबद्दल तासभर बोलला तरी त्याला आपलं लिंग सांगावं लागत नाही. आपल्याला 'करतो' की 'करते' हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं.

त्यात आपली मराठवाड्याची बोली. पुस्तकी मराठीत 'साहेब येतात' आणि 'मॅडम येतात', क्रियापद एकच. आपण म्हणतो, 'साहेब यायलेत' आणि 'मॅडम यायल्यात'. जिथे पुस्तकात फरक नाही तिथेही आपण तो करून ठेवलाय.

म्हणून मराठी मेलच्या सहीत लिहायचंच असेल तर पूर्ण रूप लिहा. 'त्या आल्या' किंवा 'ते आले'. दोन शब्दांत समोरच्याला सर्वनामही मिळतं आणि क्रियापदही. आमच्याकडे काही जणांनी 'मराठीत : त्या, आल्या' असं लिहिलं, तेही चालून गेलं. इंग्रजी मेलसाठी इंग्रजी ओळ वेगळी ठेवा. आउटलुकमध्ये आणि जीमेलमध्ये एकापेक्षा जास्त सह्या साठवता येतात, मेलच्या भाषेप्रमाणे हवी ती निवडायची. एकाच सहीत दोन्ही भाषा कोंबल्या की ती ओळ पदवीसारखी दिसते. आमच्या एका जुन्या पुरवठादाराने 'हा कोणता डिप्लोमा?' असं खरोखरच विचारलं होतं.

'नावावरून कळतंच की' असं धरून चालणं

माझ्या बाबतीत किरण नावानेच घात केला. एका पुरवठादाराकडच्या किरण यांना मी तीन महिने 'किरण सर' लिहीत होते. त्या ऑडिटला आल्या तेव्हा गेटपासवर 'श्री.' छापलेलं. सिक्युरिटीवाल्याने पास बघितला, त्यांच्याकडे बघितलं, परत पास बघितला आणि थांबवून ठेवलं. मे महिना, गेटवर सावली नाही, आणि वीस मिनिटं मी मीटिंगमध्ये. त्या आत आल्यावर एकच वाक्य म्हणाल्या, "तीन महिन्यांत एक फोन केला असता तरी कळलं असतं."

किरण, शीतल, सुमन, कमल, विमल, शशी. आपल्या पंचक्रोशीतच या नावांचे बाप्येही सापडतील आणि बायाही. नांदेडचे लोक तर हे आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. हरप्रीत, गुरप्रीत, मनप्रीत ही नावं मुलाचीही असतात आणि मुलीचीही. पुढे सिंग आहे की कौर, त्यावरून उलगडतं, आणि मेलमध्ये आडनाव नुसतं एका अक्षराचं असेल तर तेही नाही. आद्याक्षरांवर सही करणाऱ्यांची तर बातच सोडा.

अशा वेळी सर्वनामांची ओळ कामाची आहे. नसेल तर पत्राचा जुना मराठी मायना कामाला येतो, आणि तो आपण उगाच सोडून दिला. 'प्रति, मा. खरेदी विभागप्रमुख यांस' किंवा 'किरण देशमुख यांस, सप्रेम नमस्कार'. यात ना सर आहे, ना मॅडम. 'डिअर सर'पेक्षा हे कितीतरी सभ्य. आणि 'सौ.' व 'कु.' कामाच्या मेलमध्ये नकोतच. बाईचं लग्न झालंय की नाही याचा आणि बिल पास होण्याचा काही संबंध नाही.

सक्ती करणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि तीही मीच केली.

'शुक्रवारपर्यंत सगळ्यांनी सही बदलावी' असा मेल टाकला. एक्सेलमध्ये यादी केली. ज्यांनी बदलली त्यांचा रकाना हिरवा, राहिले त्यांचा लाल. सोमवारी एकच रकाना लाल राहिला. मी एक आठवण पाठवली, मग दुसरी, तिसरीत विभागप्रमुखांना सीसी ठेवलं. त्या संध्याकाळी कंपनीची बस सुटून गेल्यावर ती व्यक्ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ('व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'आली', 'राहिली' लिहिलंय. यावरून काही अंदाज बांधू नका.) म्हणाली, "मॅडम, खरं लिहिलं तर गावाकडं कळंल. खोटं लिहायला हात होत नाही. कोरं ठेवलं तर चालंल का?"

आमच्याकडे एकाच तालुक्यातली पंधरावीस माणसं असतात. कुणाचा मेहुणा डिस्पॅचला, कुणाचा चुलतभाऊ कँटीनला. ऑफिसात सकाळी झालेली गोष्ट संध्याकाळच्या एसटीने गावात पोहोचते. मोठ्या शहरात जी ओळ आधार देते, ती इथे एखाद्याला घराबाहेर काढू शकते. आणि ज्या तृतीयपंथी व्यक्तींसाठी ही ओळ आणली, त्यांच्यावरच तिचं ओझं सगळ्यात जास्त पडतं. बाकीच्यांना काय, दोन शब्द लिहिले आणि झालं.

मी यादी पुसली. नव्या मेलमध्ये एवढंच लिहिलं, 'ज्यांना हवं त्यांनी लिहावं. न लिहिल्यास कोणीही कारण विचारणार नाही.' दुसरं वाक्य विसरू नका. पहिलं सगळेच लिहितात.

कायद्याचंही बघा. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना मान्यता दिली आणि आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या त्या व्यक्तीचा मानला. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ९ प्रमाणे नोकरीत भेदभाव करता येत नाही, आणि कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा असतो. सहीखाली सर्वनाम लिहायला लावा, असं यात काही नाही. आधी तक्रार अधिकाऱ्याचं नाव बोर्डावर लावा, सह्यांचं मग बघू. आमच्याकडे क्रम उलटा झाला होता.

'दे' म्हणजे 'ते' असं धरणं

इंग्रजीत एका व्यक्तीसाठी 'दे' वापरतात, म्हणजे ती व्यक्ती ना 'तो' म्हणवून घेते ना 'ती'. त्याचं सरळ मराठी 'ते' करून मोकळं होता येत नाही. 'ते आले' म्हटलं की आपल्याला आदराचा पुरुष दिसतो, सासरे नाहीतर साहेब. आणि 'ते आलं' म्हटलं तर लेकरू नाहीतर वासरू. दोन्हीकडे फसगत.

तयार उत्तर माझ्याकडे नाही. त्या व्यक्तीलाच विचारणं एवढाच मार्ग. कुणी 'ते आले' चालवून घेतं, कुणी 'ती' म्हणतं, कुणी म्हणतं माझं नावच परत परत घ्या. विचारण्याची आपली पद्धतही आहेच. गावात नव्या माणसाला आपण 'तुमचं सर्वनाम काय' असं कधी विचारत नाही, 'तुम्हाला काय म्हणू?' असं विचारतो. ताई म्हणू, मॅडम म्हणू, नावाने हाक मारू? शॉप फ्लोअरवर दिवसभर दादा, ताई, मामा, मावशी हेच चालतं, त्यामुळे खरा घोळ 'तो-ती'च्या आधी या हाकेत होतो. तोच प्रश्न एकट्याला गाठून विचारा. सगळ्यांदेखत नको.

आणि विचारायची सोय नसेल, तर मराठी व्याकरण आपल्याला वाटतं त्यापेक्षा दयाळू आहे. 'किरण यांनी फाइल पाठवली.' इथे 'पाठवली' हे फाइलमुळे, किरणमुळे नाही. शाळेत कर्मणी प्रयोग घोकला होता तो हाच. 'किरण यांनी रिपोर्ट पाठवला', 'किरण यांनी बिल पाठवलं', तिन्ही वाक्यांत किरण कोण ते झाकलेलंच राहतं. आदरार्थी 'यांनी, यांना, यांचा' सगळ्यांना सारखे. भविष्यकाळही तसाच, 'किरण उद्या येतील'. समोरच्याशी बोलताना 'तुम्ही कधी आलात?' यातही काही उघडं पडत नाही. अडचण येते ती 'किरण काल आले' की 'आल्या' इथे. तिथे वाक्य थोडं वळवायचं, 'किरण यांची काल भेट झाली'. 'येणार होते की होत्या' असं अडलं तर 'किरण यांना यायचं होतं'. आठवडाभर असं लिहून बघा, हात बसतो. मिनिट्स ऑफ मीटिंग लिहिणाऱ्याला तर हे यायलाच हवं.

नावाच्या रकान्यात सर्वनाम घुसवणं

झूमवर आमच्या एकाने आपलं नावच बदलून 'नाव, आडनाव, कंस, ते/त्यांना, कंस बंद' असं करून टाकलं. पुढे त्या नावाने प्रशिक्षणाची हजेरी निघाली, हजेरीवरून प्रमाणपत्रं छापली, आणि प्रमाणपत्रावर कंसासकट सर्वनाम. झूमच्या प्रोफाइलमध्ये त्यासाठी वेगळा रकाना आहे, आणि ते नेहमी दाखवायचं, दर मीटिंगला विचारून दाखवायचं की दाखवायचंच नाही, हे निवडता येतं. बाहेरच्या लोकांसोबत मीटिंग असणाऱ्यांनी मधला पर्याय घ्यावा. लिंक्डइनवरही रकाना वेगळा आहे आणि तो कोणाला दिसावा ते ठरवता येतं. गाववाले, नातेवाईक तिथेही असतात हे लक्षात असू द्या. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये रकानाच सापडत नसेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. ती सोय मुळात बंद असते, आयटीवाल्यांनी संपूर्ण कंपनीसाठी सुरू करावी लागते.

आणि एक गैरसमज. सही बदलली म्हणजे पीएफचं रेकॉर्ड बदललं असं नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आधारशी जोडताना नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळावं लागतं. तिथे बदल हवा असेल तर आधी आधार, मग बाकीचं. पगारपत्रकावर एक आणि सहीखाली दुसरं असू शकतं, त्यात लबाडी काही नाही. पगारपत्रकातली माहिती दुसऱ्या टेबलावर जाता कामा नये, ही मात्र एचआरची जबाबदारी.

चुकल्यावर फार माफी मागणं

तोंडातून 'तो' गेलं आणि 'ती' हवं होतं, तर 'ती' म्हणा आणि पुढचं बोला. आमचे एक सुपरवायझर असे चुकले आणि पाच मिनिटं 'सॉरी, मला सवय नाही, आमच्या वेळी असं नव्हतं, वाईट वाटून घेऊ नका' करत बसले. सगळं टेबल त्या व्यक्तीकडे बघायला लागलं, आणि शेवटी तिलाच त्यांची समजूत काढावी लागली. मेलमध्ये चुकलं असेल तर दुरुस्त मेल त्या एकट्या व्यक्तीला पाठवा, 'रिप्लाय ऑल' दाबू नका. आणि मस्करीत कुणी मुद्दाम चुकीचं बोलत असेल तर ती चूक नव्हे. ते प्रकरण तक्रार अधिकाऱ्याकडे न्यायचं.

बोर्डावर सध्या जो कागद आहे त्यात 'शी' नाही. वर मायना, खाली 'त्या आल्या / ते आले / किंवा काहीच नाही', आणि त्याच्याखाली तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि एक्स्टेन्शन नंबर. टूलरूमच्या मामांनी तो वाचला. "हे समजतंय," म्हणाले, आणि त्या नंबरचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.