सुरक्षा साधने कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी कशी पाडावीत?

सर्वांनी पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड सुरक्षित साठवणारे ॲप) आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरचा कोड किंवा तशीच दुसरी खूण मागणारी तपासणी) वापरावी, असे परिपत्रक काढायला अर्धा दिवस पुरतो; ती साधने अंगवळणी पडण्यासाठी मात्र महिने द्यावे लागतात.

पहिली पायरी म्हणजे ज्या विभागात साधन आणायचे आहे, तिथे एक दिवस शेजारी बसून काम पाहणे. फोर्टमधील एका लेखा विभागात मी असा बसलो होतो, तेव्हा कीबोर्डच्या खाली चिकटवलेली चिठ्ठी दिसली. बँक, जीएसटी आणि टीडीएस या तिन्ही पोर्टलांचे पासवर्ड तिच्यावर होते आणि बँकेचा पासवर्ड चार वेळा खोडून पुन्हा लिहिलेला होता. तिथल्या कर्मचाऱ्यांना बोल लावणे सोपे होते. पण सतत बदलावा लागणारा पासवर्ड तिघांनी मिळून वापरायचा म्हटल्यावर तो कुठेतरी लिहूनच ठेवला जाणार. म्हणून चिठ्ठी फाडण्याआधी तिची गरज संपवावी. शक्य तिथे प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्यावे, उरलेले पासवर्ड मॅनेजरच्या सामायिक कप्प्यात ठेवावेत आणि मुदत संपली म्हणून पासवर्ड बदलण्याची सक्ती काढून टाकावी. अमेरिकेतील निस्ट ही मानक संस्थाही २०१७ पासून सांगत आली आहे की, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलायला लावावा.

त्यानंतर तारीख ठरवावी. लेखा विभागाला ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे असतात; त्या दिवसांच्या तोंडावर आणलेले नवे साधन कायमचे नावडते होते.

सुरुवात पाच-सहा जणांपासून करावी आणि त्यांत वरिष्ठ असलेच पाहिजेत. साहेबांना सूट मिळाली की नियम तिथेच संपतो, हे मी एकाहून अधिक कार्यालयांत पाहिले आहे.

सर्वांत जास्त वेळ मोबाइलच्या प्रश्नाला द्यावा, कारण खरा विरोध तिथे असतो. 'माझ्या फोनवर ऑफिसचे ॲप कशाला, माझे मेसेज वाचले जातील,' ही भीती रास्त आहे आणि तिला लेखी उत्तर द्यायला हवे. दुहेरी पडताळणीसाठी फोनवर घ्यायचे ऑथेंटिकेटर ॲप साधारण दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड तयार करते. त्यासाठी मेसेज वाचण्याची परवानगी लागत नाही. नेटवर्क नसतानाही कोड मिळतो, त्यामुळे तळघरातल्या कार्यालयात ओटीपीची वाट पाहत बसावे लागत नाही, हे प्रत्यक्ष दाखवावे. लोकलच्या गर्दीत फोन चोरीला गेला तर काय, हेही आधीच सांगावे: फोन हाताशी नसताना लॉगिन करण्यासाठी आधीच मिळणारे बॅकअप कोड छापून घरी कुलपात ठेवावेत आणि फोन हरवल्याचे कळवण्यासाठी कार्यालयातील एकच क्रमांक सर्वांना पाठ असावा. ज्याला स्वतःचा फोन वापरायचाच नाही, त्याला संगणकाला जोडून कोडऐवजी वापरायची छोटी यूएसबी सुरक्षा किल्ली द्यावी.

चुकीच्या लिंकवर क्लिक झाल्याचे जो स्वतःहून सांगेल, त्याला रागावू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवाव्या लागतात, आणि भीतीने गप्प बसलेला माणूस ते तास खाऊन टाकतो. पैसे गेले असतील, तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

महिन्याभराने कोणी साधन सुरू केलेले नाही ते पाहावे; मात्र त्यांची यादी फलकावर लावू नये. एकेकाच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसावे आणि काम कुठे अडते, ते विचारावे.